पटकीचें विष आणि जलसंजीवनी

श्रोतेहो, आजच्या विषयाचें नांव ऐकून आपल्यापैकीं कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल. पटकी हा शब्दच मुळीं कानाला अशुभ वाटतो. आपल्या वाडवडिलांनीं त्या रोगाला देवीचें रूप दिलें, आणि गांवोगांव जरीमरीचीं देवळें उभारून तिची मनधरणी केली. कोंकणपट्टींत या रोगाला मोडशी म्हणत. आज हा शब्द साध्या अपचनापुरता उरला आहे. परंतु गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत याच नांवानें त्या भयंकर रोगाचें वर्णन केलें आहे. पुढें युरोपीय लोकांनीं आपल्या मोडशीचा अपभ्रंश करून ‘मोर्त द शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचें मरण’, असा फ्रेंच शब्द बनविला. शब्द चुकीचा होता, पण वर्णन फारसें चुकलें नव्हतें. सकाळीं हिंडता-फिरता असलेला माणूस सायंकाळीं सुरकुतलेला, डोळे खोल गेलेला, आवाज बसलेला आणि हातपाय गार पडलेला असा दिसावा, आणि रात्र उलटण्यापूर्वीं त्यानें या जगाचा निरोप घ्यावा, असा हा रोग होता. १८१७ सालीं बंगालमध्यें उठलेली त्याची सांथ पुढल्याच वर्षीं मुंबईस येऊन पोंचली, आणि त्यानंतर एक शतकाहून अधिक काळ महाराष्ट्रांतील यात्रांना व वाऱ्यांना तिच्या भीतीची सोबत राहिली.

मी आंबिवलीस राहतों. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाड आणि टिटवाळा या दोन स्थानकांच्या मध्यें आमचें गांव लागतें. शेजारून उल्हास नदी वाहते. पावसाळा आला कीं नदीचें पाणी गढूळ होतें, केव्हां केव्हां नळालाहि मातकट रंग येतो, आणि मग अमक्याच्या घरीं जुलाब, तमक्याच्या मुलाला उलट्या, अशा वार्ता कानावर येऊं लागतात. या वार्तेबरोबर बहुतेक घरांत एक सल्लाहि येतो: ‘पोराला पाणी देऊं नका. पाणी पोटांत गेलें कीं जुलाब वाढतील.’ सल्ला देणारीं माणसें मायेचीं असतात. त्यांचें तर्कशास्त्रहि वरवर पाहतां बिनतोड दिसतें. जें वाहत आहे त्यांत आणखी भर कशाला घालावी? परंतु हाच सल्ला आजवर असंख्य मुलांच्या जिवावर बेतला आहे. प्रत्येक जुलाब म्हणजे पटकी नव्हे, हें खरेंच. तरी हा सल्ला कां चुकीचा आहे याचें उत्तर शोधावयाचें तर तें पटकीच्या जंतूनें निर्माण केलेल्या एका विषाच्या घडणींतच सांपडतें. म्हणून आज त्या विषाची कुंडली मांडण्याचें मीं योजिलें आहे.

पटकीचा जंतु स्वल्पविरामासारखा वांकडा असतो. फ्लॉरेन्स येथील फिलिप्पो पाचीनी यानें तो १८५४ सालीं सूक्ष्मदर्शकांतून पाहिला होता. परंतु जगानें त्याच्याकडे लक्ष दिलें नाहीं. पुढें तीस वर्षांनीं, १८८४ सालीं, रॉबर्ट कॉख यानें कलकत्त्यास येऊन रोग्यांच्या मलांत आणि तळ्याच्या पाण्यांत हा जंतु दाखविला. कॉखनें त्याच वेळीं असाहि तर्क केला होता कीं, हा जंतु एखादें विशिष्ट विष उत्पन्न करीत असला पाहिजे. तर्क अचूक होता. परंतु तो सिद्ध होण्यास पाऊणशें वर्षें लागलीं!

हा विलंब कां लागला, हें पाहणें मनोरंजक आहे. संशोधक विषाचा शोध घेत नव्हते असें नाहीं. पण मेलेल्या जंतूंचा अर्क काढावा आणि तो प्राण्याच्या रक्तांत किंवा उदरपोकळींत टोंचावा, अशी त्यांची रीत होती. प्राणी मरत असे. परंतु पटकीनें मरत नसे. रोगाचें ठाणें लहान आंतड्यांत आणि शोध चालला रक्तांत! आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा हा प्रकार होता. शिवाय प्रयोगशाळेंतील प्रौढ प्राण्यांना हे जंतु नुसते चारले तर त्यांना पटकी होत नाहीं. त्यामुळें हातांत जंतु असूनहि रोग मात्र हुलकावणी देत राहिला.

येथें आपल्या मुंबईचा संबंध येतो. ओडेसा येथें जन्मलेला आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम करणारा वाल्डेमार हाफकिन यानें १८९२ सालीं पटकीची लस तयार करून प्रथम स्वतःलाच टोंचून घेतली, आणि दुसऱ्या वर्षीं तो हिंदुस्थानांत आला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग सुरू झाल्यावर त्याला मुंबईस बोलावण्यांत आलें, आणि १८९९ सालीं परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें त्याची प्रयोगशाळा थाटण्यांत आली. १९२५ सालीं तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव मिळालें. आमच्या आंबिवलीहून मुंबईकडे निघालेली गाडी ज्या परळवरून जाते, तेंच हें परळ. तेथें दत्ता आणि हब्बू या संशोधकांनीं १९५५ सालीं असें दाखवून दिलें कीं, मोठ्या सशांना पटकी होत नसली तरी सशांच्या तान्ह्या पिलांना ती होते. अडलेलें कुलूप उघडावयास किल्ली सांपडली. १९५९ सालीं याच संस्थेंतील दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनीं जिवंत जंतूंच्या ऐवजीं जंतूंपासून काढलेला अर्क या पिलांना तोंडावाटे दिला. पिलांना पटकीसारखाच जुलाब झाला.

त्याच वर्षीं कलकत्त्यास डॉक्टर शंभुनाथ डे यांनीं दुसऱ्या वाटेनें हाच निष्कर्ष काढला. सशाच्या आंतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनीं दोऱ्यानें बांधावयाचा आणि जंतु गाळून काढलेलें द्रव त्या तुकड्यांत सोडावयाचें, अशी त्यांची साधी पण नामी युक्ति होती. बांधलेला तुकडा पाण्यानें टरारून फुगला. जंतु नव्हते, तरी रोगाचें मुख्य लक्षण हजर होतें. अर्थात् जंतूच्या शरीराबाहेर पडणारें एक विषच हा सारा उत्पात घडवीत होतें. डे यांच्या वांट्याला त्यांच्या हयातींत म्हणावा तसा मान आला नाहीं. १९७८ सालीं नोबेल प्रतिष्ठानानें भरविलेल्या परिषदेचें निमंत्रण त्यांना आलें, हीच काय ती उशिरां मिळालेली पावती. १९८५ सालीं ते वारले.

आतां हें विष आहे तरी कसें? १९६९ सालीं अमेरिकेंत फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनीं तें शुद्ध रूपांत वेगळें केलें, तेव्हां ते एक प्रथिन असल्याचें स्पष्ट झालें. त्याचे दोन भाग असतात. एका भागाला ‘अ’ म्हणूं, दुसऱ्याला ‘ब’ म्हणूं. ‘ब’ भागाचे पांच सारखे घटक एका वर्तुळांत बसलेले असतात, जणूं पांच बोटांचा पंजा. त्यांतील प्रत्येक घटक १०३ अमिनो आम्लांच्या सांखळीचा असतो. आंतड्याच्या पेशीच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट स्निग्ध पदार्थ असतो. हा पंजा त्याला घट्ट पकडतो. पकडण्यापलीकडे त्याला दुसरें काम नाहीं. खरा घातक तो ‘अ’. पंजानें धरून ठेवलेल्या पेशींत तो शिरतो आणि तेथील एका प्रथिनाला कायमचें ‘चालू’ करून ठेवतो. हें प्रथिन म्हणजे पेशीची एक कळ आहे. ती एरव्हीं गरजेपुरती उघडते आणि आपोआप मिटते. ‘अ’ तिला मिटूं देत नाहीं. परिणामीं पेशींतील क्लोराइडचीं दारें सताड उघडीं राहतात, मिठाचा अंश आंतड्यांत ओतला जातो, आणि मिठामागोमाग पाणी धांवतें. प्रौढ माणसाच्या शरीरांतून तासाला एक लिटरपर्यंत पाणी अशा रीतीनें वाहून जाऊं शकतें. भाताच्या धुवणासारखा दिसणारा जो पटकीचा जुलाब, तो म्हणजे रोग्याच्या रक्तांतलेंच पाणी व क्षार होत.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जुन्या वैद्यकांत असा समज होता कीं, पटकींत आंतड्याचें अस्तरच सोलून निघतें. १९६० सालीं बँकॉक येथील रोग्यांच्या जिवंत आंतड्याचे सूक्ष्म तुकडे काढून तपासण्यांत आले, तेव्हां अस्तर शाबूत असल्याचें आढळलें. घर जळालें नव्हतें, भिंत पडली नव्हती. नुसता एक नळ उघडा राहिला होता! ज्याचें आंतडें धड आहे अशा माणसाला केवळ पाण्यावांचून मरूं देणें याहून दुःखाची गोष्ट कोणती?

मग असा प्रश्न येतो कीं, आंतडें धड आहे तर त्याच्याकडून पाणी आंत घेववितां येईल काय? येईल. याचें कारण असें कीं, आंतड्याच्या पेशींना मीठ आंत घेण्याचीं एकाहून अधिक दारें आहेत. त्यांपैकीं एका दारांतून मीठ आणि साखर अशीं जोडीनेंच आंत शिरतात. एकटें मीठ तेथें उभें राहिलें तर त्याला प्रवेश नाहीं. ही जोडीची वाट असल्याचें प्रतिपादन रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानें १९६० सालीं प्राग येथील परिषदेंत केलें. पटकीचें विष बाकी सारा गोंधळ घालतें, परंतु या दाराला हात लावीत नाहीं. रोग्याला नुसतें पाणी पाजलें तर त्यांतील फारच थोडें टिकतें. नुसतें मिठाचें पाणीहि वायां जातें. परंतु मीठ आणि साखर योग्य प्रमाणांत विरघळविलेलें पाणी पाजलें, तर साखर मिठाला घेऊन आंत जाते, आणि त्या दोघांमागून पाणीहि जातें. जुलाब त्यामुळें लगेच थांबत नाहीं, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे; कारण पुष्कळ आया तेवढ्यासाठीं धीर सोडतात. उघडा नळ वाहतच असतो. आपण दुसऱ्या वाटेनें हौद भरीत राहतों, आणि कांहीं दिवसांत विष भिनलेल्या पेशी गळून नव्या पेशी येईपर्यंत माणसाला जगवितों.

हें ज्ञान पुस्तकांत राहिलें नाहीं. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून लक्षावधि निर्वासित सरहद्द ओलांडून आले, आणि बनगांव येथील छावणींत पटकीनें थैमान मांडलें. शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें होतें आणि रोगी जमिनीवर दाटीवाटीनें पडले होते. तेव्हां डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या तयार करविल्या, पिंपांत त्यांचें पाणी कालविलें, आणि रोग्यांच्या नातेवाईकांच्याच हातीं पेले दिले. जेथें शंभरांतले सुमारे तीस दगावत होते, तेथें चारांहूनहि कमी दगावूं लागले. सुशिक्षित परिचारिका नाहींत, उपकरणें नाहींत. आई, बाप, भाऊ आणि हातांत पेला! हीच ती आपण मराठींत जिला ‘जलसंजीवनी’ असें यथार्थ नांव दिलें आहे ती. महालनबीस २०२२ सालीं वारले, आणि २०२३ सालीं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण ही पदवी देण्यांत आली.

विषाच्या या कथेला आणखी एक नवलाचें पान आहे. ‘अ’ आणि ‘ब’ हे भाग वेगवेगळ्या जनुकांवरून घडविले जातात, हें कळल्यावर शास्त्रज्ञांच्या मनांत आलें कीं, घातक ‘अ’ वगळून केवळ निरुपद्रवी ‘ब’ तयार करतां येईल काय? जनुकांची कापाकापी आणि जोडणी करण्याची जी विद्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उदयास आली, तिच्या साहाय्यानें स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील यान होल्मग्रेन आणि त्यांचे सहकारी यांनीं हें साधलें. ‘अ’चें जनुक काढून टाकलें, ‘ब’चें जनुक जोरकस रीतीनें चालेल असें बसविलें, आणि पटकीच्याच जंतूला ‘ब’चा कारखाना बनविलें. यालाच पुनःसंयोजित प्रथिन म्हणतात. सुरा काढून घेतला आणि रिकामा पंजा तेवढा उरला. या पंजाचा प्रत्येकीं एक मिलिग्रॅम आणि मारलेले जंतु अशी लस पाण्यांतून प्यावयाची असते. शरीर त्या पंजाला ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार ठेवतें. पुढें खरें विष आलें तर त्याचा पंजा पेशीवर पडण्यापूर्वींच अडविला जातो. कांट्यानें कांटा काढावा, तो असा. जठरांतील आम्लानें हा पंजा मोडून पडतो, म्हणून लस सोड्याच्या पाण्याबरोबर घ्यावी लागते.

परंतु या लसीच्या अंगीं काय आहे आणि काय नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. बांगलादेशांत मतलब येथें १९८५ सालीं मोठी चांचणी झाली. तींत त्या वेळच्या ‘ब’ प्रथिनासह दिलेल्या लसीनें पहिल्या सहा महिन्यांत ८५ टक्के संरक्षण दिलें. नुसत्या मारलेल्या जंतूंच्या लसीनें ५८ टक्के. फरक नेत्रदीपक होता. पण तीन वर्षांअखेर पाहतां दोन्ही लसी पन्नास टक्क्यांच्या आसपास येऊन एकमेकींच्या शेजारीं बसल्या. म्हणून गोरगरीबांच्या मोठ्या वस्त्यांसाठीं पुढें ‘ब’ वगळलेल्या, स्वस्त आणि सोड्यावांचून देतां येणाऱ्या लसी निघाल्या. त्यांतील एक हैदराबादेस तयार झाली व २००९ सालीं तिला आपल्या देशांत परवाना मिळाला. कलकत्त्यांतील चांचणींत पांच वर्षांच्या काळांत तिनें ६५ टक्के संरक्षण दिल्याचें आढळलें. लस ही ढाल आहे, तटबंदी नव्हे. तटबंदी म्हणजे शुद्ध पाणी, आणि तट फुटलाच तर हातीं असावी ती जलसंजीवनी.

तेव्हां, श्रोतेहो, आंबिवलीच्या, किंवा आपण जेथें हें ऐकत असाल तेथल्या, घरांत उद्यां कोणाला जुलाब लागले तर काय करावें? जलसंजीवनीची पुडी औषधांच्या दुकानांत मिळते. ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्याच स्वच्छ पाण्यांत, बहुधा एक लिटरमध्यें, कालवावी. अर्धी पुडी अदमासानें पेल्यांत टाकूं नये, कारण मीठ अधिक झालें तर लहान मुलाला तें बाधतें. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. साखरेच्या जागीं मूठभर जास्त आणि मिठाच्या जागीं चिमूटभर कमी, असला उदारपणा येथें कामाचा नाहीं. प्रमाण हेंच औषध आहे. मुलानें ओकून टाकलें तर दहा मिनिटें थांबून पुन्हां चमच्या-चमच्यानें पाजावें. अंगावरचें दूध तोडूं नये. मीठ घातलेली तांदळाची पातळ पेज द्यावी. आपल्या आजीबाईंची ही पेज शास्त्राच्या कसोटीलाहि उतरली आहे, कारण तांदळाच्या पिठाचीच आंतड्यांत सावकाश साखर होते. तयार केलेलें पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावें. मूल मलूल पडलें, पिईनासें झालें, डोळे खोल गेले, लघवी थांबली, पोटावरची कातडी चिमटींत धरून सोडली असतां सावकाश बसूं लागली, किंवा मलांत रक्त दिसलें, तर घरगुती उपायांवर विसंबून न राहतां ताबडतोब रुग्णालय गांठावें. आणि वाटेंतहि चमचा चालूं ठेवावा.

पाण्याविषयीं एकच सूचना करतों. ज्या गांवांत नळाला ठराविक तासच पाणी येतें, तेथें उरलेल्या वेळीं नळ्यांतला दाब नाहींसा होतो, आणि जेथें नळी फुटलेली असेल तेथून शेजारच्या गटाराचें पाणी आंत ओढलें जातें. नदीकांठच्या शुद्धीकरण केंद्रांतून निघालेलें पाणी निर्मळ असलें तरी आपल्या घड्यांत येईपर्यंत तें निर्मळ राहतेंच असें नाहीं. म्हणून पावसाळ्यांत, विशेषतः पाणी आल्याबरोबर पहिल्या कांहीं मिनिटांत तें गढूळ दिसलें तर, पिण्याचें पाणी उकळून घ्यावें, झांकून ठेवावें, आणि घड्यांत हात न बुडवितां ओगराळ्यानें काढावें. शेजारच्या चार घरीं एकदम जुलाब सुरू झाले तर तें दैव म्हणून सोडून न देतां पालिकेच्या आरोग्य खात्याला कळवावें. त्या नळीवर आणखी चाळीस घरें असतात.

एका विषाचीं पांच बोटें मोजण्यास माणसाला पाऊणशें वर्षांहून अधिक काळ खर्चावा लागला. त्या श्रमांतून निघालेलें सार मात्र इतकें थोडकें आहे कीं तें कोणाहि आईला पाठ करतां येईल: जुलाब लागला तर पाणी तोडूं नये, मीठ-साखरेच्या जोडीनें तें द्यावें, आणि देतच राहावें.